वाचनाच्या जादा तासासाठी गाण्याचा तास का द्यायचा?

दुपारची घंटा (धागाकर्ती):

ख्रिस्ती शाळांमध्ये 'लर्निंग सपोर्ट' आणि 'एनरिचमेंट' असे दोन विभाग आता सर्रास दिसतात. पहिल्यात वाचन, लेखन, गणित यांत मागे पडलेली मुलं. दुसऱ्यात क्वायर (समूहगान), नाटक, चित्रकला, रोबोटिक्स, वादविवाद. माहितीपत्रकात दोन्हींचे फोटो शेजारी शेजारी. पण टाइमटेबल उघडून बघा. मागे पडलेल्यांना शिकवतात त्या रिसोर्स रूमचा तास नेमका कधी लागतो? गाण्याच्या वेळी, चित्रकलेच्या वेळी, नाटकाच्या तालमीच्या वेळी. गणितातून मूल उठवलं तर गणिताचे सर भांडायला येतात, विज्ञानातून उठवलं तर पोर्शनची बोंब. क्वायरच्या बाई भांडत नाहीत, म्हणून मुलं तिथून उठवतात.

मी ती क्वायरची बाई. आता भांडते आहे.

माझं म्हणणं सरळ आहे. अडखळणाऱ्या मुलाला मदत द्या, हवी तेवढी द्या, पण तिची किंमत त्याच्या गाण्याच्या नि रंगांच्या तासातून वसूल करू नका. निदान ख्रिस्ती शाळेने तरी नाही. आपण असेंब्लीत सांगतो की प्रत्येक मूल देवाच्या प्रतिरूपात घडलेलं आहे. भिंतीवर बायबलमधल्या करिंथकरांस पहिल्या पत्रातला बारावा अध्याय रंगवतो: शरीर एक, अवयव अनेक, आणि जे अवयव दुबळे वाटतात तेच अधिक गरजेचे. मग ज्या मुलाचा गळा हाच सगळ्यात धडधाकट अवयव आहे, त्याला आपणच सांगतो की डोळा नीट चालेपर्यंत गळ्याला रजा.

चौथीतला एक मुलगा आहे. स्तोत्रसंग्रह हातात दिला तर पान उलटं धरलं काय नि सुलटं काय, त्याला सारखंच. पण मुख्य चालीच्या खालून जाणारा दुसरा स्वर एकदा ऐकला की पक्का धरतो. शेजारची दोन पोरं त्याच्या आवाजाला टेकून गातात. सत्र सुरू झालं, यादी आली, त्याचं नाव रिसोर्स रूमला. आता ती दोघंही बेसूर.

एनरिचमेंट म्हणजे अभ्यास उरकलेल्यांचं बक्षीस, हा समजही काढून टाकायला हवा. शिक्षणतज्ज्ञ जोसेफ रेन्झुली यांनी १९७७ मध्ये एनरिचमेंटचं तीन प्रकारांचं मॉडेल मांडलं. त्यातला पहिला प्रकार, म्हणजे नवनवे विषय समोर आणणं, जाणकारांना वर्गात बोलावणं, प्रात्यक्षिकं दाखवणं, हा सगळ्या मुलांसाठी आहे. दुसरा, म्हणजे विचार करायची आणि काम करायची कौशल्यं शिकवणं, तोही सगळ्यांसाठी. निवड येते ती तिसऱ्यात, जिथे मूल एखाद्या प्रश्नात स्वतःहून खोल उतरतं. आपल्याकडे पहिल्याच दारावर गुणपत्रिका तपासतात.

मतं हवीत. विरोधी असतील तर आधी ती.

अक्षरगाठ:

मागितलंत म्हणून विरोधी मत देते. मी रिसोर्स रूममध्येच शिकवते.

आधी एक दुरुस्ती. डिस्लेक्सियात, म्हणजे हुशार मुलालाही वाचन जड जातं त्या अडचणीत, डोळ्याचं काही बिघडलेलं नसतं. १८९६ मध्ये डॉ. प्रिंगल मॉर्गन यांनी चौदा वर्षांच्या एका चांगल्या हुशार मुलाची नोंद जन्मजात शब्दांधत्व म्हणून केली. तेव्हापासूनचा हा डोळ्याचा समज अजून सुटत नाही. बहुतेक मुलांची अडचण ध्वनींची असते. शब्द कानावर पडतो, अर्थही कळतो, पण त्याचे सुटे ध्वनी हाती लागत नाहीत. त्यामुळे कोणतं अक्षर कोणत्या ध्वनीचं, ही गाठच बसत नाही.

ती बसवायची कशी? माझ्या टेबलावर वाळूचा ट्रे असतो आणि अक्षरांचे ठोकळे. मूल अक्षर बघतं, त्याचा ध्वनी मोठ्याने म्हणतं आणि त्याच वेळी बोटाने वाळूत गिरवतं. मग तीन ठोकळे जवळ सरकवून एक शब्द. मधला ठोकळा काढून दुसरा ठेवला की नवा शब्द. सॅम्युएल ऑर्टन आणि ॲना गिलिंगहॅम यांच्या कामातून आलेली ही रीत आहे. बघणाऱ्याला कंटाळा येतो. मलाही कधीकधी येतो. पण ती रोज लागते, कारण सोमवारी बसलेलं गुरुवारपर्यंत निसटलेलं असतं.

२००१ मध्ये वाचनाचे अभ्यासक जोसेफ टॉर्गेसेन आणि सहकाऱ्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. आठ ते दहा वर्षांची, वाचनात फार मागे असलेली ६० मुलं. प्रत्येकाला स्वतंत्र शिकवणी, रोज पन्नास मिनिटांची दोन सत्रं, आठ आठवडे, एकूण ६७.५ तास. पुढच्या वर्षभरात त्यातल्या सुमारे ४० टक्के मुलांना विशेष वर्गाची गरज उरली नाही. आता सांगा, रोजची शंभर मिनिटं आणायची कुठून?

शाळा सुटल्यावर म्हणाल, तर दिवसभर अक्षरांशी झगडून मूल तोवर पार थकलेलं असतं. मधल्या सुट्टीत म्हणाल, तर त्याची सगळी दोस्ती तिथेच होते. गणितातून उठवलं तर पुढच्या वर्षी ते गणितासाठीही माझ्याकडेच येईल. गाण्यातून उठवणं मला सुखाचं वाटतं असं नाही. पण वाचता न येणारं मूल सातवीत पोचतं तेव्हा विज्ञान, इतिहास, परीक्षेतला प्रश्न, सगळंच त्याच्या हातून जातं. गाणं पंधराव्या वर्षी सुरू करता येतं. वाचन जितकं लांबवाल तितकं अवघड होत जातं.

दुपारची घंटा:

आठ आठवडे! ताई, हा आकडा तुम्ही माझ्याच बाजूने टाकलात की. आठ आठवडे रोज दोन तास घेणार असाल तर मी स्वतः मुलाला तुमच्या दारापर्यंत सोडून येते. प्रत्यक्षात काय चालतं? आठवड्यातून दोनदा अर्धा अर्धा तास, तोही असेंब्ली लांबली की बुडतो. असं पहिलीपासून थेट सातवीपर्यंत. वाचन पुरतं येत नाही आणि क्वायर सात वर्षं बंद. या हिशेबात मुलाच्या पदरात काय पडलं?

अक्षरगाठ:

पातळ आणि लांबलचक मदत ही सगळ्यात वाया जाणारी मदत, इथे दुमत नाही. पण शाळा ती दाट का देत नाहीत? कारण एका शिक्षिकेच्या माथी सगळ्या इयत्तांची मुलं मारलेली असतात, आणि वर 'समुपदेशन पण बघा' असतं. ते सोडवायला माणसं वाढवा. तोवर माझ्या हाताशी जो तास आहे तो मी सोडणार नाही.

मधली सुट्टी:

सगळी चर्चा मागे पडणाऱ्यांभोवती चालू आहे, म्हणून दुसऱ्या टोकाचा एक पालक बोलतो.

माझी मुलगी गणितात वर्गाच्या दोन इयत्ता पुढे आहे. हे कौतुक नाही, अडचण आहे. वर्गात अर्ध्या वेळात तिचं काम संपतं आणि मग तिला वह्या गोळा करायला लावतात. एनरिचमेंट हा तिचा एकमेव हक्काचा तास होता. आता 'सर्वांसाठी' या धोरणाखाली रोबोटिक्सच्या एका किटभोवती अख्खी तुकडी उभी असते. मागच्या रांगेतल्यांना ते यंत्र दिसतसुद्धा नाही.

ख्रिस्ती शाळा म्हटलं की सगळे हरवलेल्या मेंढराचा दृष्टान्त सांगतात. मेंढपाळ नव्व्याण्णवांना रानात सोडून एकाच्या शोधात गेला. त्या नव्व्याण्णवांचं रानात काय झालं, हे लूकचं शुभवर्तमान सांगत नाही! मत्तयाच्या शुभवर्तमानाचा पंचविसावा अध्याय कुणी का काढत नाही? मालक परदेशी जाताना तीन चाकरांना पाच, दोन आणि एक तालंत (तेव्हाचं मोठ्या रकमेचं माप) देतो, ज्याच्या त्याच्या कुवतीप्रमाणे. सगळ्यांना सारखे देत नाही. आणि परत आल्यावर रागावतो कुणावर? ज्याने जमिनीत पुरून ठेवला त्याच्यावर. माझ्या मुलीचे तालंत शाळाच पुरते आहे, तेही समतेच्या नावाने.

ज्युलियन स्टॅन्ली यांनी १९७१ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात गणितात असाधारण असलेल्या मुलांचा अभ्यास सुरू केला आणि ती मुलं मोठी झाल्यावरही त्यांचा पाठपुरावा चालू राहिला. तयारी असलेल्या मुलाला पुढचं गणित लवकर दिल्याने ते बिघडत नाही, हे त्यातून वारंवार दिसलं आहे. शाळा मात्र 'बालपण हरवेल' म्हणून घाबरते. वह्या गोळा करण्यात कसलं बालपण?

अक्षरगाठ:

@मधली सुट्टी, तुमच्या मुलीला पुढचं गणित मिळायला हवं, याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार मत्तयाच्या वापराबद्दल आहे.

त्याच अध्यायात जरा खाली, एकोणतिसाव्या वचनात, ज्याच्याजवळ आहे त्याला आणखी दिलं जाईल आणि ज्याच्याजवळ नाही त्याचं असलेलंही काढून घेतलं जाईल असं येतं. त्यावरूनच समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी १९६८ मध्ये विज्ञानातल्या मानसन्मानाच्या वाटपाला 'मॅथ्यू इफेक्ट' (मॅथ्यू म्हणजे मत्तय) हे नाव दिलं, आणि १९८६ मध्ये मानसशास्त्रज्ञ कीथ स्टॅनोविच यांनी तेच वाचनाला लावलं. ज्याला वाचता येतं तो जास्त वाचतो, त्याचे शब्द वाढतात, म्हणून पुढचं वाचन त्याला आणखी सोपं जातं. ज्याला येत नाही तो पुस्तक टाळतो आणि दरवर्षी अंतर वाढत जातं. स्टॅनोविच हे रोग म्हणून सांगत होते, औषध म्हणून नाही.

आणि तिसऱ्या चाकराने तालंत पुरला तो का? पंचविसावं वचन काढा. मला भीती वाटली, असं तो स्वतःच्या तोंडाने सांगतो. माझ्या खोलीत येणारी निम्मी मुलं हेच करतात. पुस्तक उघडलं की पोट दुखतं, पेन्सिलचं टोक मोडतं, शू लागते. तो आळस नसतो.

शंकासूर:

वचनांची चढाओढ रंगली आहे, चालू द्या. मी धर्माने ख्रिस्ती नाही, पण अशा शाळेत शिकलो आहे आणि आता मुलगाही तिथेच आहे. साधा प्रश्न: यात 'ख्रिस्ती' नेमकं काय? डिस्लेक्सिया कुठल्याही शाळेत सारखाच. टाइमटेबलची मारामारीही सारखीच. ख्रिस्ती शाळेने हे करावं, ते करू नये, असं धागाकर्तींनी का म्हणावं? शाळेने करावं, एवढं पुरेसं नाही का?

आणि एक खटकणारी गोष्ट. ओळखीच्या एका घरात मुलगा तिसरीत जाऊनही वाचत नव्हता. शाळेने आईला सांगितलं, प्रार्थना करा, पुढच्या वर्षी बघू. तपासणी करून घ्या असं कुणी सुचवलं नाही. वर्ष गेलं.

रविवारवर्ग:

@शंकासूर, त्या आईला जे सांगितलं गेलं त्याचं समर्थन होऊच शकत नाही. डोळ्यांसाठी प्रार्थना करणारा माणूस चष्माही लावतोच. त्याहून वाईट म्हणजे 'तू मनापासून प्रार्थना करत नाहीस' असं थेट मुलालाच सांगणारी माणसं असतात. दहा वर्षांच्या पोराला त्यातून एवढंच कळतं की देवाचंही आपल्याबद्दल मत वाईट आहे.

'ख्रिस्ती काय' या प्रश्नाचं उत्तर मी इतिहासातून देतो, कारण मदतीचे वर्ग आपल्याकडे शाळांनंतर आलेले नाहीत, काही ठिकाणी ते शाळांच्या आधी आले. रॉबर्ट राइक्स यांनी १७८० मध्ये इंग्लंडमधल्या ग्लॉस्टर इथे रविवारचे वर्ग काढले ते कामावर जाणाऱ्या मुलांसाठी. आठवड्यातला तोच एक दिवस त्यांना मोकळा मिळायचा आणि त्या दिवशी ती वाचायला शिकायची. म्हणजे आज ज्याला आपण संडे स्कूल म्हणतो तो मुळात वाचनवर्ग होता.

दुसरं उदाहरण मला जास्त जवळचं. ८ डिसेंबर १८४१, इटलीतलं ट्युरिन. चर्चच्या पूजाघरात एक गवंडीकाम करणारा पोरका मुलगा शिरला, बार्तोलोमेओ गारेल्ली. तिथल्या सेवकाने त्याला हाकलायला सुरुवात केली, तेव्हा तरुण धर्मगुरू जॉन बॉस्को (म्हणजेच डॉन बॉस्को) यांनी त्याला परत बोलावलं. वाचता येतं का? नाही. लिहिता? नाही. गाता? नाही. मग शीळ तरी वाजवता येते का? पोरगा हसला. डॉन बॉस्कोंची ही आठवण अशीच सांगितली जाते. तिथून वाढत गेलेल्या त्यांच्या ऑरेटरीत, म्हणजे मुलांच्या केंद्रात, रात्रीचे वाचनवर्ग होते, गाणं होतं, बँड होता, नाटकं होती, आणि सगळं त्याच मुलांसाठी. ज्याला वाचता येत नाही त्याने आधी वाचन शिकावं, बँडचं मग बघू, अशी अट तिथे नव्हती. स्वतः बॉस्को लहानपणी दोरीवर चालून आणि हातचलाखी करून पोरं जमवत. आमच्या परंपरेत खेळ, गाणं आधी आहे आणि पाटी नंतर. धागाकर्तींचं म्हणणं म्हणूनच मला शंभर टक्के पटतं.

शंकासूर:

परंपरेच्या पेटीतून हवं ते निघतं हो. १५९९ चं रेशिओ स्टुडिओरम बघा, म्हणजे जेझुइट या कॅथलिक संघाची शाळांसाठीची नियमावली. त्यात मुलांना एकमेकांचे प्रतिस्पर्धी नेमून द्यायची, चढाओढीने अभ्यास करवून घ्यायची रीतसर सोय आहे. तीही ख्रिस्तीच परंपरा, आणि त्या काळात फार यशस्वी. मधली सुट्टी उद्या ती काढून दाखवतील.

बाकी सगळ्यांना हवा असलेला तास सापडत नाहीये ना? मी सांगतो. चॅपलमधून, म्हणजे प्रार्थनेच्या तासातून, उठवा. आठवड्याचा एक अख्खा तास मोकळा होतो.

रविवारवर्ग:

नाही. सगळी शाळा एकत्र बसते तो हा एकच तास. इथे तुकडी नसते, गुणवत्ता यादी नसते. नेमकं तिथूनच एखाद्याला उठवून रिसोर्स रूमला पाठवायचं म्हणजे तू आमच्यातला नाहीस हे सगळ्यांदेखत सांगणं.

अक्षरगाठ:

बघा मजा. क्वायरच्या बाईंना क्वायर पवित्र, पाद्र्यांना चॅपल पवित्र, गणितवाल्यांना गणित. प्रत्येकाचा तास सोडून बाकी सगळे तास उपलब्ध आहेत.

पाठीमागचा बाक:

बऱ्याच दिवसांनी इथे लिहितो आहे. या चर्चेतला 'तो मुलगा' मी होतो, म्हणून.

मला वाचायला उशिरा आलं. रिसोर्स रूमबद्दल राग नाही, तिथेच आलं. राग आहे तो दारातून हाक मारण्याचा. नाटकाची तालीम चालू असायची आणि दारात शिपाई उभा राहून नावं वाचायचा. नाव ऐकलं की पाय जड व्हायचे. तिकडे गेल्यावर पहिली दहा मिनिटं डोकं तालमीतच असायचं. अक्षरगाठ, तुमच्या अर्ध्या तासातली ती दहा मिनिटं हिशेबात धरा.

आमच्या एका शिक्षिकेने वेगळंच केलं. चॅपलमध्ये दर आठवड्याला एक मूल बायबलमधला उतारा वाचायचं. अर्थात वर्गात सगळ्यात चांगलं वाचणारं. त्यांनी मला पंधरा दिवस आधी तेविसावं स्तोत्र दिलं. सहाच वचनं. रोज मधल्या सुट्टीआधी पाच मिनिटं त्यांच्यासमोर वाचायचो. पहिले काही दिवस एका ओळीत तीनदा अडखळायचो. मग अडखळणं ठरावीक दोन शब्दांवर आलं. त्या दोन शब्दांखाली त्यांनी पेन्सिलने बारीक रेघ मारली, तिथे पोचण्याआधी श्वास घ्यायचा. त्या दिवशी वाचलं. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, कारण चॅपलमध्ये वाजवत नाहीत, आणि तेच बरं झालं. बाकीच्यांसारखं वाचलं, जागेवर जाऊन बसलो.

हे सपोर्ट की एनरिचमेंट? कुठल्या रकान्यात टाकाल?

मधली सुट्टी:

छान झालं तुमचं. पण तिथेच जीभ अडकली असती तर? पूर्ण शाळेसमोर? त्या बाईंनी जुगार खेळला असं माझं मत.

अक्षरगाठ:

जुगार नव्हता. तोच उतारा ठरवून पुन्हा पुन्हा वाचणं ही माहितीतली पद्धत आहे. एस. जे. सॅम्युएल्स यांनी १९७९ मध्ये ती मांडली. छोटा उतारा घ्यायचा, पुरेशा वेगाने आणि बिनचूक वाचता येईपर्यंत परत परत वाचायचा, मग पुढचा. टॉर्गेसेन यांच्या मुलांबद्दल मी वर एक गोष्ट लिहिली नव्हती: ती बिनचूक वाचू लागली, पण वाचनाचा वेग बराच मागे राहिला. वेगासाठी हीच पद्धत कामाला येते. आणि मूल तेच तेच वाचायला तयार कधी होतं? वाचण्याला काही निमित्त असलं की. चॅपल हे निमित्त, नाटकाची संहिता हे निमित्त, गाण्याचे शब्द हेही निमित्त. एवढ्यापुरती मी दुपारची घंटा यांच्या बाजूला येते.

पण इथून लोक उडी मारतात की मग बायबलच वाचनाचं पुस्तक करा, एका दगडात दोन पक्षी. तसं करू नका. नवशिक्याच्या हातात असा मजकूर हवा ज्यातले जवळजवळ सगळे शब्द त्याला शिकवलेल्या अक्षरांतून सुटतात. शास्त्रवचनांतली नावं, जुने शब्द, लांब वाक्यं यांत मूल वाचत नाही, अंदाज बांधतं किंवा पाठ करतं. पाठांतर चांगलं असेल तर शिक्षकांना वर्षभर पत्ताच लागत नाही. शंकासूर यांच्या मुलासारख्या दुसऱ्या धर्माच्या घरातल्या मुलांचा प्रश्न वेगळाच. वाचायला शिकायचं तर आमचं शास्त्र वाच, अशी अट मदतीला लावलेली मला पटत नाही.

आणि वचन पाठ नाही म्हणून गुण कापणं तर बंदच करा. ज्याची तात्पुरती स्मरणशक्ती तोकडी आहे त्याच्यासाठी ते वचन ही परीक्षेतली आणखी एक हार ठरते. चालीत म्हणू द्या, चित्र काढून सांगू द्या.

वाळूघड्याळ:

मी शाळेत टाइमटेबल लावतो. सगळ्यांचे सिद्धान्त माझ्या टेबलावर येऊन धारातीर्थी पडतात.

आम्ही शेवटी काय केलं ते सांगतो. इयत्ता दुसरी ते पाचवी, प्रत्येक इयत्तेला रोज एक समान तास. नियम एकच: त्या तासाला कुणालाही नवा धडा शिकवायचा नाही. वाचनाची मुलं रिसोर्स रूमला. गणितात पुढे गेलेली पुढच्या गणिताला, म्हणजे मधली सुट्टी यांची मुलगी इथे असती तर वह्या गोळा करत नसती. बाकीची ग्रंथालयात, अर्धवट राहिलेल्या प्रकल्पावर, किंवा ज्याला जे कच्चं वाटतं त्यावर. दारातून नाव पुकारणं बंद झालं, कारण सगळीच मुलं उठून कुठे ना कुठे जातात. दर सहा आठवड्यांनी गट बदलतात. क्वायर, चित्रकला, नाटक यांच्या तासाला कुणीही हात लावायचा नाही.

आता तोटेही ऐका, नाहीतर मी जाहिरात करतोय असं वाटेल. हा तास हवेतून आला नाही, प्रत्येक विषयाची काही मिनिटं कापून आला. विज्ञानाचा जोडतास गेला, त्यामुळे प्रयोगाची मांडामांड होते नि घंटा वाजते. त्या तासाला इयत्तेचे सगळे शिक्षक लागतात, एक रजेवर गेला की दोन गट एकत्र कोंबावे लागतात. सगळ्यात मोठं दुखणं म्हणजे पुढच्या गणिताच्या गटात जाण्यासाठी पालकांची रांग, आणि वाचनाच्या गटातून नाव काढा म्हणून दुसरी रांग. समान तास दिला म्हणून मान समान मिळतो असं नाही. पोरांना पहिल्याच आठवड्यात कळतं कुठला गट कशाचा आहे. आम्ही गटांना फुलांची नावं दिली होती, त्याने काहीही फरक पडला नाही.

आणि हे दुसरी ते पाचवीपर्यंतच जमलं. वरच्या इयत्तांत परीक्षा मानगुटीवर बसते, तिथे माझ्याकडे उत्तर नाही.

मधली सुट्टी:

हे निदान कामाचं बोलणं झालं. फक्त एक सांगून ठेवतो. अशा तासाला शिक्षक कमी पडले की शाळेला सेवाभाव आठवतो. 'पुढच्या मुलांनी मागच्यांना शिकवावं, प्रभूने शिष्यांचे पाय धुतले.' माझ्या मुलीने कुणाला कधीच मदत करू नये असं मी म्हणत नाही. पण तिचा शिकायचा तास रोज दुसऱ्याला शिकवण्यात जात असेल तर ती फुकटची शिक्षिका झाली. शिवाय ज्याला ती शिकवते त्यालाही वर्गमैत्रिणीकडून शिकताना काय वाटत असेल?

अक्षरगाठ:

हे बरोबर आहे. एकाच वर्गातली हुशार-कच्ची जोडी मी लावतच नाही. मी उलटं करते. सातवीतलं वाचनात कच्चं मूल पहिलीच्या वर्गात गोष्ट वाचून दाखवायला पाठवते. पहिलीचं पुस्तक त्याच्या आवाक्यातलं असतं, पण सातवीच्या पोराने ते हातात धरलं तर वर्ग हसेल. पहिलीतल्यांना वाचून दाखवायचं म्हटलं की सबब मिळते. आदल्या दिवशी माझ्याकडे बसून तालीम करतं, आवाज बदलून वाचतं. पहिलीच्या पोरांना तो दादा वाटतो. सेवेचा धडा कुणाला द्यायचाच असेल तर असा द्या. सेवा करायची पाळी नेहमी हुशारांचीच का असावी?

शंकासूर:

हे आवडलं. यात ख्रिस्ती काय, हे विचारणार नाही.

दुपारची घंटा:

वाळूघड्याळ यांचा तास आमच्या शाळेत यायला वर्षं जातील. तोवर माझी मागणी एवढीच. रिसोर्स रूमसाठी पालकांकडून जो संमतीचा कागद सही करून घेतात, त्यावर आज फक्त 'माझ्या पाल्यास सहाय्यवर्गास पाठवण्यास हरकत नाही' एवढंच असतं. त्याखाली दोन ओळी वाढवा. मूल कोणता तास सोडणार आहे, आणि कोणत्या तारखेपर्यंत. पालकांना बहुतेक वेळा पहिलंच माहीत नसतं. आपलं पोर क्वायरमधून काढलंय हे त्यांना वार्षिक कार्यक्रमाच्या दिवशी कळतं, सगळे स्टेजवर नि हे खाली. त्या कागदावर तारीख नसेल तर मी माझ्या हजेरीपटातून नाव कापणार नाही. अक्षरगाठ, तुम्ही तारीख लिहाल?

अक्षरगाठ:

लिहीन. माझी अटही त्याच कागदावर येईल. त्या तारखेपर्यंत माझा तास असेंब्लीने, क्रीडादिनाने, पाहुण्यांनी खाल्ला तर तेवढे दिवस पुढे जोडले जातील. आणि तारखेला मूल वाचतंय की नाही हे चाचणीने ठरेल, तुमच्या किंवा माझ्या मायेने नाही. तयार नसेल तर मी दुसरी तारीख लिहीन आणि तेव्हा तोच तास पुन्हा मागायला येईन.

दुपारची घंटा:

या. पण येताना विज्ञानवाल्यांकडेही विचारून या. दुसऱ्या खेपेला त्यांचा नंबर.